‘माका नको’ म्हणायला मुलांना शिकवू या

आजचा विषय कानावर पडल्याबरोबर काही जणी रेडिओचा आवाज बारीक करतील, कारण जवळ मुलं बसली असतील. तसं करू नका. मुलांनी हा विषय आपल्याबरोबर बसूनच ऐकावा. आपण आवाज बारीक केला की मुलांना एवढंच कळतं, की या गोष्टीबद्दल आईसमोर बोलायचं नसतं. आणि नेमकं तेच आपल्याला नको आहे.

विषय आहे मुलांच्या सुरक्षिततेचा. अंगाची सुरक्षितता आणि मोबाइलवरची सुरक्षितता, दोन्ही.

पालकसभेत हा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “बाई, आमच्या गावात असलं काय होत नाय.” मला हे वाक्य समजतं. आपली तोंडवली म्हणजे एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये माडांत, सुरूच्या बनात वसलेली घरं. कोणाचं पोर कोणाच्या पडवीत जेवून झोपलं तरी कोणी विचारत नाही. ही आपली श्रीमंती आहे आणि ती घालवायची नाही. पण “ओळखीच्या माणसांत पोर सुरक्षित” हे गृहीत धरणं मात्र सोडायला हवं.

का ते सांगते. 2007 साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने मुलांवरच्या अत्याचारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून तो केला होता. त्या राज्यांत आपला महाराष्ट्र होता आणि शेजारचा गोवाही. निम्म्याहून जास्त, म्हणजे 53 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्रास देणाऱ्यांत निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणखी एक गोष्ट त्यात दिसली, जी आपल्याकडे कोणी बोलत नाही. त्रास झालेल्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते, थोडे जास्तच होते. पोलिसांकडे नोंदलेल्या पोक्सोच्या गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी येतात, त्यांत तर दहापैकी नऊहून अधिक आरोपी मुलाच्या माहितीतले असतात.

आणि आपण भितो कोणाला? बाहेरून आलेल्या अनोळखी माणसाला. ‘पोरं पळवणारी टोळी आली आहे’ असा मेसेज आला की दहा मिनिटांत तो सगळ्या ग्रुपवर जातो. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी काय झालं ते आठवा. भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना अशाच अफवेवरून जमावाने ठेचून मारलं. पाच निरपराध माणसं गेली, आणि एकही मूल त्यामुळे सुरक्षित झालं नाही. अशा मेसेजमुळे आपली नजर रस्त्याकडे लागते, आणि घरात काय चाललं आहे तिकडे पाठ होते.

तेव्हा सुरुवात घरातून करू या, आणि तीही अगदी साध्या गोष्टीपासून, म्हणजे शब्दांपासून. अंघोळ घालताना आपण मुलाला नाक, कान, पोट, गुडघा सगळं शिकवतो. मधला भाग मात्र वगळतो, नाहीतर ‘शेम शेम’ म्हणून हसतो. मुलाच्या मनात तेवढ्या भागाबद्दल लाज बसते. पुढे तिथे काही झालं तर ते सांगायला त्याच्याकडे शब्दही नसतो आणि धीरही नसतो. शूची जागा, शीची जागा, छाती असे घरगुती शब्द चालतील. मूल मोठं होईल तसे शिश्न, योनी, स्तन हे शब्दही कळू देत. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ते येणारच आहेत. एकच पथ्य, की शब्द असा असावा जो घराबाहेरच्या माणसालाही समजेल. एखाद्या घरात त्या जागेला ‘चिऊ’ म्हणत असतील आणि मूल बाईंना म्हणालं, “काकांनी माझ्या चिऊला हात लावला,” तर बाईंना काय कळणार?

‘गुड टच, बॅड टच’ हे शब्द आता सगळ्यांना माहीत झाले आहेत. 2012 च्या मे महिन्यात ‘सत्यमेव जयते’ कार्यक्रमात आमीर खानने मुलांना समोर बसवून हे शिकवलं, तेव्हापासून तर घराघरांत. त्याचा उपयोग खूप झाला. पण या शब्दांत एक अडचण आहे. ‘बॅड’ म्हटलं की लहान मुलाला वाटतं, वाईट मार लागतो तो स्पर्श. पण फसवणारा माणूस मारत नाही. तो मांडीवर घेतो, गुदगुल्या करतो, लाड करतो. मुलाला ते वाईट वाटतंच असं नाही, उलट सुरुवातीला बरंही वाटतं. मग नंतर ‘मलाच आवडलं होतं, म्हणजे चूक माझीच’ असं ते मनात धरून बसतं. म्हणून चांगलं वाटलं की वाईट, हे मुलाला ठरवायला लावू नये. त्याला सरळ नियम द्यावा. चड्डीच्या आतल्या जागा तुझ्या एकट्याच्या. त्या कोणी बघायच्या नाहीत, त्यांना हात लावायचा नाही, त्यांचे फोटो काढायचे नाहीत. कोणी स्वतःच्या दाखवायच्या नाहीत आणि तुला हात लावायला सांगायचा नाही. अंघोळ घालताना आई, किंवा दुखलं-खुपलं तर आईबाबांसमोर डॉक्टर, एवढाच अपवाद. आणि हा नियम मोडणारा कोणीही असो, ओळखीचा, नात्यातला, देवळातला, शाळेतला, तरी आईला सांगायचं. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ हे आपण जसं न लाजता सांगतो, तितक्याच सहजपणे हे सांगता येतं. चाइल्डलाइनची ‘कोमल’ नावाची छोटी कार्टून फिल्म आहे, तीही मुलांबरोबर बसून बघता येईल.

नियमाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे गुपित. मुलांना गंमत आणि गुपित यांतला फरक सांगा. बाबांच्या वाढदिवसाला केक आणायचा आहे, त्यांना सांगू नको, ही गंमत. ती संध्याकाळी उघडते आणि सगळे हसतात. “ह्या कोणाक सांगू नको हां, आवशीक तर मुळीच नको,” हे गुपित. ते कधीच उघडायचं नसतं आणि ते पोटात ठेवून मुलाला घास जात नाही. मोठ्या माणसाने गुपित ठेवायला सांगितलं, त्याबरोबर खाऊ दिला किंवा भीती घातली, की ते गुपित घरी यायलाच पाहिजे.

इथे आपल्या मोठ्यांचं वागणं आड येतं, ते कसं ते बघा. गणपतीला चाकरमानी येतात. घर भरतं. कोणी लांबचे मामा बाळाला ओढून म्हणतात, “एक पापी दे.” बाळ आईच्या पदराआड लपतं. आपण त्याला पुढे ढकलतो, “दी गो, मामा आसत तुजे.” त्या एका क्षणात पोरीला आपण काय शिकवलं? की तुला नको असलं तरी मोठ्यांनी मागितलं की द्यायचं. मग तिला ‘नाही म्हणायला शीक’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं? पाया पडू दे, नमस्कार करू दे, हात जोडू दे. पापी द्यायची की नाही ते तिचं तिला ठरवू दे. “माका नको” म्हणाली तर मामांना आपण हसून सांगावं, “तिका नको तर रवांदे.” मामा रागावले तर जेवणाच्या पानावर माशाची तुकडी वाढली की राग जातो. पोरीने मनात धरलेलं मात्र तसं जात नाही.

घर भरलेलं असतं तेव्हा झोपण्याची सोयही नीट बघावी. गणपती, शिमगा, लग्नकार्य. सगळी मुलं एका खोलीत, त्यांच्याबरोबर कोणीतरी मोठा. जत्रेच्या रात्री दशावतार बघता बघता पोर झोपतं आणि “मी नेऊन घालतो त्याला घरी” असं कोणीतरी म्हणतं. पर्यटक येतात, तर घराच्या अर्ध्या भागात पाहुणे उतरलेले असतात आणि मुलगी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या खोलीत जाते. कोणावरही संशय घ्या असं मी म्हणत नाही. फक्त एकट्या मोठ्या माणसाबरोबर, बंद दाराआड, एकटं मूल, असा योग आपण घडवून आणू नये. चहाचा ट्रे पडवीत ठेवता येतो.

आता शाळेकडे वळू. बदलापूर आपण कोणी विसरलेलो नाही. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या एका शाळेत बालवर्गातल्या चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं उघड झालं. मुलींनी दुखतंय म्हणून घरी सांगितलं, घरच्यांनी ते ऐकलं, डॉक्टरांकडे नेलं, म्हणून ते कळलं. हे नीट लक्षात घ्या. चार वर्षांच्या मुलीने सांगितलं होतं. पुढे मोठ्यांनी वेळ घालवला. तक्रार नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावं लागलं. 20 ऑगस्टला लोकांनी बदलापूर स्टेशनवर गाड्या अडवल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून त्या प्रकरणाची दखल घेतली. न्यायालयाने तेव्हा मुलग्यांना लहानपणापासून वळण लावण्याबद्दलही सुनावलं होतं. मला तो मुद्दा फार पटला. आपण पोरीला सांभाळून राहायला शिकवतो. पण कोणी ‘नको’ म्हणालं की तिथेच थांबायचं असतं, हे झिलाला किती घरांत शिकवलं जातं?

त्याच 21 ऑगस्टला सरकारने शाळांसाठी नियम काढले. सीसीटीव्ही बसवणं, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, आणि असा प्रकार कळला तर 24 तासांच्या आत वरच्या अधिकाऱ्यांना कळवणं. त्याआधीच, 10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री समिती’ नेमायला सांगितलं आहे. त्यात शिक्षिका, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीची महिला सदस्य, आई-पालक आणि मुलांचेही प्रतिनिधी असतात. आपल्या मुलाच्या शाळेत त्या समितीत कोण कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे पुढच्या पालकसभेत विचारा. कॅमेऱ्यावर माझा फारसा भर नाही. वीज गेली, डीव्हीआर बिघडला की कॅमेरा नुसता भिंतीवर टांगलेला राहतो, आणि स्वच्छतागृहात तो लावायचाही नसतो. त्यापेक्षा लहान मुलांना स्वच्छतागृहात कोण नेतं, सहलीला शिक्षिका किती असतात, आणि तक्रारपेटी उघडतं कोण, हे प्रश्न जास्त कामाचे. पेटीची किल्ली ज्याच्याबद्दल तक्रार होऊ शकते त्याच्याच खिशात असेल, तर चिठ्ठी टाकणार कोण?

शाळेतून मूल न्यायला आपल्याऐवजी दुसरं कोणी जाणार असेल तर घराचा एक परवलीचा शब्द ठरवावा. ‘बांगडा’ असो की ‘मोदक’, घरच्यांनाच माहीत असलेला. “तुझ्या आईने पाठवलंय, चल गाडीवर बस,” असं कोणी म्हणालं आणि शब्द सांगता आला नाही, तर मुलाने बाईंकडे परत जायचं. मुलांना हा खेळ फार आवडतो.

आता मोबाइल. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास फोनवर आला. आपल्या जिल्ह्यात रेंजची काय गत होती ते सगळ्यांना ठाऊक आहे. कणकवली तालुक्यातल्या एका मुलीला तर शिकण्यासाठी डोंगरावर खोपीत जाऊन बसावं लागलं होतं. पुढे शाळा उघडल्या, पण पोरांच्या हातात आलेला फोन परत काही गेला नाही. तो नुसता काढून घेऊन चालणारही नाही. पुढचं शिक्षण, नोकरीचे अर्ज, सगळं त्यातच आहे.

फोनवरचा फसवणारा कसा काम करतो ते आपल्याला समजायला जड नाही, कारण आपण दर्यावरची माणसं. आधी तो रापण टाकतो. शंभर मुलांना ‘हाय’ पाठवतो, इन्स्टाग्रामवर, नाहीतर खेळता खेळता गेमच्या चॅटमध्ये. हेडफोन लावून खेळणाऱ्या पोराशी पलीकडून कोण बोलतंय ते आपल्याला बाजूला बसूनही ऐकू येत नाही. शंभरातली दहा उत्तर देतात. मग तो गरी घेऊन बसतो. घाई करत नाही. तुझी आई तुला ओरडते ना, मी समजू शकतो, असं म्हणतो. गेममधले डायमंड देतो, रिचार्ज मारतो. स्वतःचं वय पंधरा सांगतो आणि कुठून तरी उचललेला फोटो लावतो. मग ‘हे आपलं गुपित’ येतं. मग एक साधा फोटो, मग जरा वेगळा फोटो. आणि तो एकदा हाती लागला की आवाज बदलतो. पैसे दे, आणखी फोटो दे, नाहीतर हा तुझ्या शाळेच्या ग्रुपवर टाकीन.

इथे मूल अडकतं, आणि का अडकतं ते आपण ओळखायला हवं. त्याला त्या माणसाची जितकी भीती असते, तितकीच आपली असते. ‘आईला कळलं तर ती मारेल, फोन काढून घेईल, शाळा बंद करेल.’ मुलींना तर शाळा बंद होण्याची धास्ती फारच असते, आणि ती खोटी नाही. फसवणाऱ्याचा सगळा धंदा या धास्तीवर चालतो. म्हणून काही होण्याच्या आधीच, चांगल्या दिवशी, मुलांना सांगून ठेवा, “काय झाला तां माका सांग. मी तुका ओरडूचंय नाय.” आणि तो दिवस आलाच तर हा शब्द पाळा.

फोन देताना काही गोष्टी घरात ठरलेल्या असाव्यात. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम तेरा वर्षांच्या आतल्यांसाठी नाहीत, हे त्या कंपन्यांचेच नियम आहेत. पोराचं जन्मसाल खोटं घालून खातं उघडून देणारे बरेचदा घरचेच असतात. खातं असलं तर ते प्रायव्हेट ठेवावं, लोकेशन बंद असावं, आणि रात्री सगळ्यांचे फोन, आपलेसुद्धा, माजघरात चार्जिंगला लावावेत. ओटीपी आणि पासवर्ड मित्रालाही द्यायचा नाही. प्रत्यक्ष न भेटलेला ‘मित्र’ भेटायला बोलावत असेल तर आधी घरी सांगायचं.

आणि आपला स्वतःचा स्टेटस? पोरीचा पहिला दिवस, गणवेशातला फोटो, मागे शाळेची पाटी, खाली तिचं नाव. बाळाच्या उघड्या अंगाच्या अंघोळीचा फोटो, ‘किती गोड’ म्हणून. तो किती जणांच्या फोनमध्ये उतरला याचा हिशेब नसतो. किनाऱ्यावर पर्यटक आपल्या पोरांचे फोटो काढतात, तिथेही “विचारल्याशिवाय काढू नका” असं म्हणायला हरकत नाही. मुलांच्या अश्लील चित्रफिती फोनमध्ये ठेवणं हासुद्धा पोक्सोखाली गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात स्पष्ट केलं आहे. ‘बघा काय चाललंय’ म्हणून पुढे पाठवणारे भले हेतू चांगला ठेवून पाठवत असतील, पण त्यात ज्या मुलाचा फोटो आहे त्याला आपण पुन्हा एकदा चव्हाट्यावर आणतो.

समजा मुलाने सांगितलं. त्या वेळी आपला चेहरा फार महत्त्वाचा. रडू आवरा, आरडाओरडा नको. “बरं केलंस सांगितलंस. तुझी काही चूक नाही,” एवढं आधी म्हणा. ‘तू तिथे गेलीसच कशाला’ हा प्रश्न गिळून टाका. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. खोदून खोदून, पाच जणांसमोर पाच वेळा विचारू नका. अंगाला त्रास झाला असेल तर अंघोळ न घालता, कपडे न धुता सरकारी दवाखान्यात न्या. पोलिसांचा कागद आणल्याशिवाय उपचार करणार नाही, असं दवाखान्याला म्हणता येत नाही, आणि मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते.

पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचे सगळे त्यात मूल धरले जातात, मुलगा असो की मुलगी. आपल्याला कळून आपण पोलिसांना कळवलं नाही, तर तो आपला गुन्हा होतो. मुख्याध्यापकांनी लपवलं तर त्यांची शिक्षा आणखी जास्त. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, वर्दी न घालता, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. आचरा असो, मालवण असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते. ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. ‘पोरीचं नाव खराब होईल’ ही भीती मोठी असते, म्हणून सांगते, पीडित मुलाचं नाव, गाव, शाळा, फोटो छापणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे. गावच्या ग्रुपवर नाव टाकणाऱ्यालाही हे ऐकवावं.

मामला फोनवरचा असेल तर रागाच्या भरात चॅट पुसू नका, फोन फोडू नका. तोच पुरावा असतो. समोरच्याचा नंबर, खात्याचं नाव, धमकीचे मेसेज जपून ठेवा आणि मग त्याला ब्लॉक करा. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढतच जाते. पैसे गेलेच असतील तर 1930 वर जितक्या लवकर कळवाल तितके ते अडवता येण्याची आशा जास्त. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर मुलांबाबतची तक्रार नाव न देताही नोंदवता येते. मुलाचा तसला फोटो इंटरनेटवर पसरू नये यासाठी ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवा आहे. तिच्यासाठी फोटो कोणाला पाठवावा लागत नाही. फोनमध्येच त्याची एक सांकेतिक खूण तयार होते आणि त्या खुणेवरून सामील कंपन्या आपल्याकडे आलेला तो फोटो हटवतात.

शेवटी नंबर सांगते, पेन घेऊन बसा. मुलांसाठी 1098, सायबर फसवणुकीसाठी 1930, पोलिसांसाठी 112. यातला 1098 हा नंबर मुलं स्वतः लावू शकतात, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो. 1996 मध्ये मुंबईत रस्त्यावरच्या मुलांसाठी ही सेवा सुरू झाली आणि नंतर देशभर गेली. पाठ करायला सोपा, दहा, नऊ, आठ. भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी मुलांच्या उंचीला येईल असा, मुलांकडूनच मोठ्या अक्षरात लिहून घ्या. आणि संकटाच्या वेळी ज्यांना सांगता येईल अशी पाच माणसं त्याला हाताच्या पाच बोटांवर मोजायला लावा. पाचही घरातलीच नकोत, एखादी बाई, एखादी शेजारीण हवी. तुमच्या पोराने कोणाकोणाची नावं घेतली, आणि कोणाचं नाव आपल्याला वाटत असूनही घेतलं नाही, ते शांतपणे ऐकून घ्या.